साफ केलेल्या मैफली

गाणं जिवापाड आवडावं आणि गाणं ऐकायला येणारी माणसं डोळ्यांसमोर नकोत, असं ज्याच्या नशिबी येतं त्याचे हाल कुत्रा खात नाही. चूपकाकाचं तसं होतं. हे नाव त्याला सभागृहाच्या दरवानाने दिलेलं. मैफलीत कुणी खोकलं, कुणी बिस्किटांचा पुडा फोडला, कुणी शेजारणीच्या कानाला लागून सुनेची गाऱ्हाणी सुरू केली, की तिसऱ्या रांगेतून एक बोट वर व्हायचं आणि मागोमाग ‘चूप’ असा कोरडा आवाज यायचा. कलाकार बदलले, खुर्च्यांची कापडं बदलली, दरवानही म्हातारा होऊन गेला आणि त्याच्या जागी त्याचा जावई आला, तरी बोट तेच होतं. जाताना जुन्याने नव्याला दोनच गोष्टी सांगितल्या म्हणे: डावीकडचा दिवा मधेच जातो, आणि चूपकाकाच्या वाटेला जाऊ नकोस.

तर अशा या माणसाकडे त्याच्या भाचीने एके सकाळी फोन करून आपल्या आईचा आवाज मागितला.

भाचीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, त्यात मुळातली भित्री, सुई बघून घेरी येणाऱ्यातली. तिची आई म्हणजे चूपकाकाची ताई, जन्मभर प्रसूतिगृहात परिचारिका. अडलेल्या बायका तिच्या आवाजावर मोकळ्या होतात अशी तिची ख्याती होती, आणि आवाज तरी कसा, की तळमजल्यावर बाकावर बसलेल्या नवऱ्यांनाही घाम फुटावा. ‘तुझ्या वेळी मी उशाशी उभी असेन, तू फक्त माझं ऐकायचंस,’ असं तिने लेकीला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. आता ती उशाशी उभी राहणार होती, पण मुकी. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, जीव राहिला आणि आवाज गेला. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून निघणारी घरघर पहिल्यांदा ऐकून ताई स्वतःच शहारली आणि ते यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

भाचीने सगळीकडे शोधून पाहिलं होतं. फोनमधले निरोप होते ते आजारातले, खरखरीत, ऐकवत नाहीत असे. लग्नाच्या चित्रफितीत आई भरपूर बोलताना दिसत होती, पण फोटोवाल्याने वरून कसलंतरी वाद्यसंगीत ओतून ठेवलं होतं. मग तिला मामा आठवला.

“मामा, तुझ्या मैफलींत आई असेलच की,” ती म्हणाली. “तू दर वेळी टेप लावायचास, आणि आई काय गप्प बसणारी होती का? मला तेवढं काढून दे. कळा सुरू झाल्या की कानात लावून घेईन. तिचा आवाज नसेल तर मला नाही जमायचं रे.”

शोधतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. पण शोधायला काही उरलेलं नव्हतं. आपल्याकडच्या एकूण एक मैफलींतून ताईचा आवाज त्याने स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता.

हे कसं झालं ते समजायला हा माणूस समजायला हवा. त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे, त्यावरून हा प्लास्टरचा जबडा ओतायचा, मेणात दात रचायचा, गुलाबी हिरडी घडवायचा आणि शेवटी फिरत्या ब्रशावर घासून अशी लख्ख करायचा की जिभेला कुठे कंगोरा लागू नये. काम एक नंबर. पण दिवसभर लोकांची तोंडं हाताळून त्याला माणसाच्या तोंडाचीच शिसारी बसली होती. जुनी कवळी दुरुस्तीला आली की चिमट्याने उचलायचा. त्याच्या मते तोंड ही मुळात घाणेरडी जागा, आणि तिच्यातून बाहेर पडणारं चांगलं असं एकच, ते म्हणजे गाणं. खोकणं, मचमच, गप्पा, जांभया, घसा खाकरणं, हे सगळं त्याच्या लेखी एकाच बादलीतलं.

घरी त्याचं ऐकणं म्हणजे एक सोहळाच असायचा. आधी हात धुवायचे. मग खिडकी लावायची, फ्रिजची पिन काढायची कारण तो गुरगुरतो, घड्याळ उचलून स्वयंपाकघरात ठेवायचं. मग कानांवर हेडफोन चढवून ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसायचं. रेलून ऐकणाऱ्यांना झोप लागते आणि झोपलेल्यांना गाणं कळत नाही, हा त्याचा सिद्धांत. गाणं लावून भांडी घासणारे, गाणं लावून गाडी हाकणारे, यांच्याबद्दल बोलताना तो नाक असं मुरडायचा की समोरच्याने आपला वास घेऊन बघावा. एकदा त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी गुणी, नोकरी करणारी, दिसायला बरी. ती त्याच्याबरोबर मैफलीला आली आणि हळव्या जागी तिने बोटं मोडली, एकेक करून, दहाही. लग्न तिथेच मोडलं. ताई म्हणाली, अरे बोटंच मोडली ना, तुझं डोकं तर नाही फोडलं. पण हा ऐकेल तर शपथ.

आणि गंमत अशी, की याला गाण्याचं वेड लावलं तेच मुळी ताईने. रात्रपाळी करून आलेली ताई तोंडावर पाणी मारून धाकट्या भावाला हाताला धरून मैफलीला न्यायची. तिकिटं ती काढायची, जागा ती धरायची, मध्यंतरात चहाही तीच पाजायची. तेव्हापासून तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसायची जी सवय लागली ती केस पिकले तरी सुटली नाही. तिच्याशिवाय त्याला गाणं ऐकल्यासारखं वाटत नसे, आणि तिच्याबरोबर ऐकलं की अंगाचा तिळपापड होई.

कारण ताईची दाद. इतर लोक माना डोलवतात, फार तर हळूच ‘वा’ म्हणतात. ताई प्रसूतिगृहातून उठून आलेली. गायिका वरच्या सुराकडे चढायला लागली, की ही खुर्चीच्या कडेवर सरकायची, दोन्ही मुठी वळायची आणि म्हणायची, “हां, आलं, आलं, अजून थोडं.” सूर लागला की “आलं बघ,” आणि मोठ्ठा सुस्कारा. जणू बाईंना मुलगा झाला. पलीकडच्या रांगेपर्यंत लोक हसायचे. चूपकाकाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साऱ्या सभागृहाला ‘चूप’ करणाऱ्याच्या बगलेतच हा नगारा. तिला बोट दाखवलं तर ती तेच बोट पकडून दाबायची आणि म्हणायची, “बाळ, काय सूर होता रे.”

चूपकाका सुरुवातीपासून मैफली टेप करायचा. आधी पिशवीत दडवलेला कॅसेट-रेकॉर्डर, पुढे खिशात मावणारं छोटं यंत्र. आणि घरी येऊन ऐकलं की गाण्यापेक्षा ताईच जास्त ऐकू यायची, कारण ती माईकला सगळ्यात जवळ. किती वर्षं त्याने दात-ओठ खात ते सोसलं. मग संगणक आला, त्यावर आवाज कापायची-जोडायची सोय आली, आणि याला स्वर्ग दोन बोटं उरला. पडद्यावर आवाजाची नक्षी उमटायची. खोकला कुठला, टाळी कुठली, हे तो नुसतं बघून ओळखायला शिकला. ताई तर लांबूनच कळायची, सगळ्यात जाड ठिपका तो तिचा. तेवढा तुकडा कापायचा आणि त्या जागी गाण्यातलाच तसाच दुसरा तुकडा आणून बसवायचा, कवळीत दात बसवावा तसा. सांधा दिसता कामा नये. एकेका मैफलीला आठवडे लागायचे. काम संपलं की स्वच्छ प्रत ठेवायची आणि मूळ टेप कचऱ्यात टाकायची. घाण काढल्यावर ती घरात कशाला ठेवायची, असं त्याचं सरळ म्हणणं. ताईला हे कधी सांगितलं नाही. तिनेही कधी ऐकवायला मागितलं नाही. मी तिथे होतेच की, म्हणायची.

फोन आल्यावर तो कामावर गेला, एक खालची कवळी उलटी घासून ठेवली आणि ‘बरं वाटत नाही’ सांगून घरी आला. न जाणो, हातून एखादा तुकडा सुटला असेल, या आशेने त्याने मैफली एकामागून एक लावल्या. हात धुतले नाहीत, फ्रिज गुरगुरत राहिला. पण त्याने काम इतकं चोख केलं होतं की ताईचा श्वाससुद्धा कुठे सापडेना. ज्या स्वच्छतेचा जन्मभर तोरा मिरवला तीच आता अंगावर आली. ती गाणी त्याला दवाखान्यातल्या फिनेलने पुसलेल्या फरशीसारखी वाटायला लागली.

आणि ऐकता ऐकता त्याला एक वेगळंच दिसायला लागलं. सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्या गायिकेची एक मैफल होती, त्याची फार लाडकी. त्यात एका जागी बाई गाता गाता मधेच हसतात. का हसल्या ते कळत नाही. पुढे एक सूर घेतात, थांबतात आणि तोच सूर पुन्हा घेतात, आधीपेक्षा हलका, कुणाच्या तरी ओंजळीत घालावा तसा. त्याला ते आठवलं. “पुन्हा द्या हो बाई, जीव भरला नाही,” असं ताई म्हणाली होती, आणि बाई तिच्याकडे बघून हसल्या होत्या. उत्तरं सगळी जागच्या जागी होती, विचारणारी तेवढी नव्हती. असं एका मैफलीत नाही, पाच-सहांत सापडलं. व्हायोलिनवाला एके ठिकाणी म्हणतो, “हे खास तुमच्यासाठी,” आणि तुमच्यासाठी म्हणजे कुणासाठी, तर तिथे शांतता. कलाकार तिसऱ्या रांगेकडे बघून गात होते आणि हा समजत होता की आपल्या शांत बसण्याची त्यांना कदर आहे. त्याने हेडफोन काढून टेबलावर टाकले. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

शेवटी माळ्यावर एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं. त्यात नाव नसलेल्या काही कॅसेटी होत्या, पुसून पुन्हा वापरता येतील म्हणून ठेवलेल्या. यातली एक लावली आणि पहिल्याच मिनिटाला त्याने कपाळाला हात लावला. ती मैफल त्याला विसरायची होती. एक नवखी मुलगी, पहिलाच मोठा कार्यक्रम, आणि गाणं असं की दाराची बिजागरी बरी. साफ करायच्याही लायकीचं नव्हतं ते, म्हणून तर वाचलं होतं. मुलगी वर चढायला गेली, आवाज फाटला. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. मग ती थांबली. टेपवर नुसती खुर्च्यांची करकर आणि मागे कुणाचंतरी खुदकन हसणं.

आणि मग ताई. अगदी जवळ, खणखणीत, गाठ व्हायच्या कितीतरी आधीची.

“घाबरू नकोस गं. घाई नाहीये कुणाला. श्वास घे. खोल घे. हां. आता हळू सोड. मी आहे इथे.”

जे भाचीला हवं होतं ते शब्दाला शब्द तिथे होतं. चूपकाका खुर्चीतून उठला, पुन्हा बसला, डोळे पुसले आणि टेप मागे घेतली. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र त्याला शेवटी तिच्या शब्दांत मिसळलेला आणखी एक आवाज ऐकू आला. आधी मागच्या रांगेतल्या माणसाची कुजबुज, “तुमच्या घरच्या का या?” आणि लगेच माईकला चिकटून, किंचित नाकातला, घाणीवर पाय पडल्यासारखा आवाज: “छे, मी नाही ओळखत यांना.”

तो त्याचाच होता. ती संध्याकाळ त्याला लख्ख आठवली. लोक वळून वळून बघत होते आणि लाजेने त्याच्या कानांतून वाफा निघत होत्या. तो उठून भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला आणि नंतर ताईला सांगितलं, पाठीत उसण भरली होती. तिने घरी आल्यावर त्याची पाठ शेकून दिली होती.

कापायचं काम त्याच्या हातचा मळ. त्याने तो तुकडा संगणकावर घेतला आणि आपलं वाक्य काढायला बसला. पण ताईचं ‘मी आहे इथे’ आणि याचं ते अख्खं वाक्य एकमेकांवर पडलं होतं. हे पुसलं की ते पुसलं जात होतं. दुसरीकडून ‘मी आहे इथे’ आणून बसवावं, तर दुसरीकडे ताई शिल्लक कुठे होती? तो रात्र होईपर्यंत खटपट करत राहिला. ते तीन शब्दच गाळून टाकायचंही मनात आलं. भाचीला काय कळणार होतं? पण पुन्हा कात्री ताईवरच चालवायची, या विचाराने त्याचा हात चालेना. जसं होतं तसं त्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो ताईकडे गेला. भाची बाळंतपणाला माहेरीच होती, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसलेली. ताई पलंगावर जुन्या मऊ साड्यांची दुपटी घड्या घालत होती. त्याला बघून तिने नेहमीसारखं विचारलं, म्हणजे भुवया उचलल्या आणि हाताने घास नेल्याची खूण केली. जेवून आलोय, असं तो खोटंच म्हणाला. मग लहान स्पीकर टेबलावर ठेवत, एकच छोटा तुकडा सापडला, असं त्याने सांगितलं.

“एवढंच?” भाचीने विचारलं. “मोठ्या बाईंच्या मैफलीतलं? तिथे तर आई केवढी बोलली होती, मी लहान होते तरी आठवतंय मला.”

“त्यातलं मी काढून टाकलं,” तो म्हणाला. “सगळ्याच मैफलींतलं. गाण्यात येत होतं म्हणून. मूळ टेपाही टाकून दिल्या.”

 ताईने घडी घातलेलं दुपटं उगाचच पुन्हा उलगडलं. मग त्याने ते सुरू केलं, कारण त्या खोलीत आणखी एक क्षण तसंच उभं राहणं त्याला शक्य नव्हतं.

ताईचा आवाज खोलीत आला तसा ताईचा हात आपसूक गळ्याकडे गेला. टेप म्हणाली ‘श्वास घे’, आणि भाचीने घेतला. ‘हळू सोड’ म्हणाली, आणि तिने सोडला, त्याबरोबर तिला रडू फुटलं. हीच माझी आई, असं ती पोटावर हात ठेवून पुटपुटत होती. आणि मग ‘मी आहे इथे’च्या डोक्यावर तो नाकातला आवाज येऊन आदळला.

“हे मधेच कोण बोलतंय?” भाचीने डोळे पुसत विचारलं.

“मी.”

“काढता नाही का येत?”

“नाही. ते काढलं तर तिचंही जातं.”

 असू दे मग, असंच मला पाठव, एवढं म्हणून भाची कमरेवर हात टेकून उठली आणि तोंड धुवायला आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

ताई भावाकडे बघत होती. ती चिडली की काय बोलायची ते त्याला पाठ होतं. अडाणी, माणूसघाण्या, शिष्ट कुठला. हे सगळं त्याला आता हवं होतं. तिने कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. तिचे ओठ जरासे हलले आणि मिटले.

“ताई,” तो म्हणाला, “काहीतरी बोल ना.”

म्हणून गेला आणि मग त्याला आपल्याच जिभेची शिसारी आली. ताईने दुपटं बाजूला ठेवलं, टेबलाशी आली आणि चष्मा वर ढकलून बटण शोधलं. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. घाबरू नकोस गं, खोलीत तिचा आवाज म्हणाला, घाई नाहीये कुणाला. ती ऐकत नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती, प्रत्येक शब्दाला मान हलवत, आपण बोलतोय तशी. शेवटाला तो बंद करायला पुढे झाला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. ‘छे, मी नाही ओळखत यांना’ हेही तिने त्याला पुरतं ऐकायला लावलं, आणि मगच हात सोडला.